टँगोच्या पिंजऱ्याची कडी

१

लॉर्ना पॅस्को पोचली तेव्हा टँगो निवाऱ्याच्या फाटकाबाहेर बसला होता, आणि त्याच्या पुढ्यात एक मेलेला पेंग्विन पडला होता.

गाडीचा आवाज ऐकताच टँगो उठला. शेपूट हलवत दोन उड्या मारून तो पुढे आला आणि पुन्हा धावत जाऊन फाटकाला नाक लावून बसला. जणू म्हणत होता, उघडा की आता.

"आणखी आहेत," निवारा चालवणारी केरिन म्हणाली. तिचे डोळे रडून सुजले होते. "खाली वाळूच्या टेकाडांत, बिळांच्या तोंडाशी. पक्षीमित्रांतल्या कुणाला तरी उजाडल्यावर दिसले. अर्ध्या गावाला कळलंय एव्हाना."

स्कॅली हेड हे टास्मानियाच्या उत्तर किनाऱ्यावरचं एवढंसं गाव. गावात अभिमान धरावा असं फारसं काही नाही. पण दिवेलागणीला समुद्रातून वर येणारे, हातभर उंचीचे निळे पेंग्विन आहेत, आणि त्यांच्यावर गावाचा भारी जीव. त्यांच्या पिल्लांसाठी शाळेतली मुलं लाकडी खोकी बनवतात. त्यांना मारणाऱ्या कुत्र्याला इथे कुणी दयामाया दाखवत नाही.

लॉर्ना नगरपालिकेची प्राणी-अधिकारी होती. असल्या कुत्र्याचं काय करायचं हे तिनंच ठरवायचं होतं.

टँगो वर्षभराचा, तांबूस रंगाचा केल्पी. मेंढ्या वळण्यासाठीच जन्मलेली ही जात. असला कुत्रा घरात ठेवणं म्हणजे ओढा बादलीत कोंबणं. दोन घरांनी त्याला दत्तक नेलं आणि दोघांनी परत आणून सोडलं. पहिल्या घरी त्यानं सोफ्याची लक्तरं केली. दुसऱ्या घरी वाढदिवसाला जमलेली सगळी पोरं त्यानं अंगणाच्या एका कोपऱ्यात हाकलून नेली आणि केक कापायची वेळ झाली तरी सोडली नाहीत. तेव्हाच लॉर्ना केरिनला म्हणाली होती, "हा कुठल्याच घरात टिकायचा नाही. एक दिवस काहीतरी भलतंच करून ठेवेल."

आता तो पेंग्विन बघताना तिला वाईट वाटलं हे खरं. पण त्या वाइटाच्या खाली कुठेतरी 'मी म्हटलंच होतं' असा एक बारीकसा आनंदही होता. तो तिचा तिलाच जाणवला आणि तिनं घाईनं दुसरीकडे पाहिलं.

"शपथेवर सांगते, कडी मी स्वतः लावली होती काल," केरिन म्हणाली.

"मग हा काय आकाशातून पडला?"

"उद्या त्याला न्यायला येणार होते गं. टेसा क्विल्टी, ती डोंगरापलीकडची मेंढ्यांवाली. एवढ्या महिन्यांनी एक घर मिळालं होतं त्याला. एक दिवस काढायचा होता फक्त, एक."

लॉर्नानं टँगोला गाडीच्या मागच्या जाळीत चढवलं. त्यासाठी काही करावंच लागलं नाही, दार उघडताच त्यानं आत उडी घेतली. मग तिनं जनावरांच्या डॉक्टर इंग्रिडला फोन लावला. दुपारची वेळ ठरली. इंजेक्शन, आणि विषय संपला.

दुसरा फोन टेसाला. "उद्या येऊ नका," लॉर्ना म्हणाली आणि काय घडलं ते थोडक्यात सांगितलं.

"त्याचं तोंड उघडून पाहिलंत?" टेसानं विचारलं.

"बाहेर सापडलाय तो. पक्षी त्याच्या पुढ्यात होता."

"म्हणजे नाही पाहिलंत." टेसाचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "बाई, माझा जन्म मेंढ्यांत गेलाय. कोकरं फाडणारी कुत्री पाहिलीत मी. छाती आणि जबडा चिकट होतो त्यांचा. मेंढी विकत घेतानासुद्धा दात बघतात माणसं. जीव घ्यायच्या आधी तेवढं तरी बघा."

फोन बंद झाला. लॉर्नाचे कान तापले होते. ती मागे गेली, जाळी उघडली आणि टँगोचा जबडा दोन्ही हातांनी वर केला. त्यानं निमूटपणे तोंड उघडू दिलं.

दात दुधासारखे स्वच्छ होते. रक्ताचा डाग नाही, पिसाचा तंतू नाही. छातीवरचे केस कोरडे, मऊ. पावलांना वाळूचा कणही नव्हता.

२

वाळूत न जाता टेकाडांवरचे पेंग्विन मारणारा कुत्रा लॉर्नानं अजून पाहिला नव्हता.

ती परत निवाऱ्यात शिरली ती थेट टँगोच्या पिंजऱ्याकडे. खरं तर सकाळी सगळ्यात आधी इथेच यायला हवं होतं. फाटकापाशी उभं राहूनच तिनं निकाल देऊन टाकला होता.

पिंजऱ्याला वरूनही जाळी होती. खाली काँक्रीट. दाराला बाहेरून सरकवायची कडी.

आणि कडी लावलेली होती.

"केरिन, हिला हात लावलास सकाळपासून?"

"नाही. तो बाहेर दिसल्यावर मी इकडे आलेच नाही, तुलाच फोन केला." केरिननं कडीकडे पाहिलं आणि तिच्या चेहऱ्याचा रंग बदलला. "अरे देवा."

"कुत्रा कडी काढेल एक वेळ. हुशार आहे, नाकानं सरकवेल. पण बाहेर पडून वळून परत लावणार नाही. बाहेरचं फाटक?"

"कुलूप होतं. मीच उघडलं ना आत्ता तुझ्यासमोर."

"म्हणजे कुणीतरी किल्लीनं आत आलं. ह्याला बाहेर काढलं, कडी लावली, फाटकाला कुलूप घातलं. आणि वर एक पेंग्विन मांडून ठेवला. नैवेद्य ठेवावा तसा." लॉर्नाला सकाळपासून पहिल्यांदाच राग आला, आणि तो आधी स्वतःचाच आला. "किल्ल्या कुणाकुणाकडे आहेत?"

"माझ्याकडे. कुत्री फिरवायला येणाऱ्या दोघातिघांकडे. आणि एक त्या नळाखालच्या विटेमागे असते, ती सगळ्यांनाच माहीत आहे." केरिन बोलताना ओठ चावत होती. "शेजारच्या हेंकलासुद्धा."

"हेंकच्या तक्रारी आहेत ना तुमच्यावर?"

"आठवड्याला एक. कुत्री भुंकतात म्हणून. टँगोवर तर त्याचा विशेष लोभ. आणि त्याच्याकडे तो राक्षस आहे ना, वासराएवढा. दोरीशिवाय फिरवतो त्याला."

"काल कडी तूच लावलीस? नक्की?"

"सांगितलं ना एकदा!"

एवढं ओरडण्यासारखं त्यात काही नव्हतं. लॉर्नानं तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. केरिननं नजर खाली घातली आणि रिकाम्या पिंजऱ्यातली पाण्याची वाटी उगाचच विसळायला घेतली.

निघताना लॉर्नानं इंग्रिडला पुन्हा फोन केला. "दुपारचं राहू दे. त्याऐवजी एक मेलेला पक्षी घेऊन येते, तो नीट बघ."

३

हेंक कबुतरांना दाणे टाकत होता. सत्तरी उलटलेला, काठीसारखा सरळ माणूस. तरुणपणी हॉलंडहून आला आणि इथलाच झाला, पण बोलणं अजून तिकडच्या वाऱ्यासारखं झोंबरं. त्याचा तो राक्षस, वाघ्या रंगाचा प्रचंड कुत्रा, दारात पसरला होता.

"या, सरकार आलं दारात," हेंक म्हणाला. "बघता बघता पोचलीस. मला वाटलं दुपार होईल."

"कशासाठी आले ते माहीत आहे म्हणजे तुम्हाला."

"गावात पेंग्विन मेले. मी निवाऱ्याच्या तक्रारी करतो. माझा कुत्रा मोठा. दोन आणि दोन किती, ते कळतं मला."

"काल संध्याकाळी हा कुठे होता?"

"माझ्या पायाशी. फुटबॉल बघत होता. आमचा संघ हरला म्हणून दोघंही लवकर झोपलो."

"साक्षीला कोण?"

हेंकनं दाण्यांचा डबा खाली ठेवला. त्याच्या मानेवर लाली चढली. "साक्षीला हा. ये, उघड त्याचं तोंड. सगळे दात बघ, पंजे बघ, आंघोळ घालून बघ. पण एक ऐक, पोरी. मला भुंकणं आवडत नाही, कुत्रा नावडत नाही. त्या तांबड्यावर माझा राग का? तो रोज ह्या कुंपणाशी येऊन माझी कबुतरं एका ओळीत उभी करायला बघतो म्हणून. आणि ती राहतात, लेकाची! माझं इतक्या वर्षांत ऐकलं नाही कधी."

लॉर्नाला हसू आलं नाही. ती खाली बसली आणि त्या थोराड जबड्यात नीट पाहिलं. वरचे सुळे, खालचे सुळे, सगळे जागच्या जागी. रक्ताचा मागमूस नाही.

"माफ करा," ती म्हणाली.

"आज माफीचाच दिवस दिसतोय," हेंक पुटपुटला.

"म्हणजे?"

"उजाडायच्या सुमाराला मी कबुतरांसाठी बाहेर आलो होतो. धुकं इतकं होतं की हात दिसत नव्हता. तिकडे फाटक वाजलं. मग कुणीतरी कुत्र्याशी बोलत होतं, अगदी हळू. 'माफ कर रे, बाळा. माफ कर मला.' दोनतीनदा म्हणालं. मी म्हटलं, केरिन असेल, बाई रडकीच आहे. आत आलो."

"बाईचा आवाज होता?"

हेंक विचारात पडला. "आता वाटतंय, नसावा. कुजबुजला की सगळ्यांचा आवाज सारखाच होतो. पण एक सांगतो. ज्यानं कुणी हे केलं ना, त्याला त्याची लाज वाटत होती. करतानाच वाटत होती."

४

इंग्रिडनं पेंग्विन पांढऱ्या टेबलावर ठेवला आणि मानेची पिसं ओली करून बाजूला सारली. लॉर्ना खिडकीपाशी उभी होती. बाहेर गाडीत टँगो जाळीला नाक लावून तिच्याकडेच बघत होता. नजरानजर झाली की त्याचं सगळं अंग हलायला लागायचं.

"एकाच चाव्यात मान मोडली आहे," इंग्रिड म्हणाली. "जोरदार जबडा. त्या तुझ्या केल्पीचा नाही. हे बघ, खालच्या दोन सुळ्यांच्या खुणा. केवढं अंतर आहे. त्याच्या निमुळत्या तोंडात ते मावणारच नाही. हा रुंद तोंडाचा कुत्रा आहे. लॅब्रेडोर म्हण, किंवा तसलाच कुणी."

"हेंकचा?"

"हेंकचा याहून मोठा. तिथे मानच राहिली नसती." इंग्रिडनं चिमट्यानं एक पीस उचललं. "शिवाय गंमत बघ. खाली दोन भोकं, वर एकच. डाव्या बाजूला वर काहीच नाही, नुसतं दाबल्यासारखं काळं पडलंय. म्हणजे त्या कुत्र्याचा वरचा डावा सुळा गेलेला आहे. तुटलेला असेल, नाहीतर काढलेला."

लॉर्ना खिडकीतून बाहेरच पाहत राहिली.

"सोपं झालं की तुझं काम," इंग्रिड म्हणाली. "गावात असे कितीसे असणार? माझ्याकडे आलाच असेल कधी. तुझ्या माहितीत आहे कुणी?"

"बघते," लॉर्ना म्हणाली.

तिचा आवाज तिला दुसऱ्याच कुणाचा तरी वाटला. सकाळी घरातून निघताना स्वयंपाकघरात डॅड घरच्या म्हाताऱ्या लॅब्रेडोरचं, ड्यूकचं, खाणं कोमट रश्श्यात भिजवत उभे होते. रोजच भिजवतात. हाड चावताना त्याचा दात तुटल्यापासून त्याला कडक काही खाता येत नाही. ड्यूक चुलीपुढे पसरला होता, त्यानं मानही वर केली नव्हती. केरिनचा फोन आल्यावर तिनं डॅडना सांगितलं होतं, टँगो सुटलाय, पेंग्विन मेलेत. ते पाठमोरेच होते. म्हणाले होते, "लवकर उरकून टाक, लॉर्ना. उगाच लांबवू नकोस. त्याचे हाल नकोत."

किती मऊ मनाचा माणूस, असं तिला तेव्हा वाटलं होतं.

५

ती घरी गेली नाही, पुन्हा निवाऱ्यात गेली. अजूनही काहीतरी वेगळं निघेल अशी वेडी आशा होती. तुटक्या दाताचे लॅब्रेडोर जगात एकाहून जास्त असतील. असायला हवेत.

"केरिन, काल संध्याकाळची फेरी कुणी केली?"

"मी सांगितलं की..."

"तू मला सकाळपासून खोटं सांगते आहेस. का, ते मला नको. कुणी केली एवढंच सांग."

केरिन पाण्याच्या पिंपावर बसली. "बहिणीच्या मुलीचं शाळेत नाटक होतं. मला ती वेळ गाठायची होती. निवारा सोडून जायला नको होतं, माहीत आहे. कमिटीला कळलं तर काढून टाकतील, म्हणून बोलले नाही. पण मी कुणा ऐऱ्यागैऱ्यावर सोपवून गेले नाही, लॉर्ना. तुझ्या डॅडना सांगितलं, दर मंगळवारी टँगोला फिरवायला येतातच ते. आनंदानं हो म्हणाले. खाणं घालतो, कड्या लावतो, आणि मग तसाच ड्यूकला किनाऱ्यावर पाय मोकळे करून आणतो, म्हणाले." ती थांबली. लॉर्नाच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. "काय झालं? ... लॉर्ना? नाही. मर्व? ते शक्यच नाही! टेकाडांवरची पाटी त्यांनीच तर रंगवली आहे!"

कुत्री दोरीला बांधून न्या, ती पाटी. रंगवताना लॉर्नानंच शिडी धरली होती.

घरी डॅड, मर्विन पॅस्को, मागच्या पायरीवर बसले होते. शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेला माणूस. निम्म्या गावाला त्यांनी पाढे शिकवले होते, आणि उरलेल्या निम्म्याला छड्या न मारता सरळ केलं होतं. ड्यूकचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं. गाडी थांबली तसं त्यांनी वर पाहिलं, आणि मागच्या जाळीत जिवंत टँगो दिसला तेव्हा त्यांचे खांदे एकदम खाली आले. ते सुटल्यासारखे दिसले की पकडल्यासारखे, लॉर्नाला सांगता आलं नसतं.

"डॅड, ड्यूकचा गळपट्टा कुठे आहे?"

"धुऊन वाळत घातलाय."

"का धुतलात?"

त्यांनी वाळत घातलेल्या गळपट्ट्याकडे पाहिलं.

"मी सांगू? की तुम्ही सांगता?"

"तू सांग," मर्व म्हणाले. "मला बघू दे, कितपत कळलंय."

लॉर्ना उभ्याउभ्याच बोलली. बसली असती तर बोलता आलं नसतं. "कुत्रा बाहेर आणि कडी लावलेली, म्हणजे माणसाचा हात. किल्ली असलेला, कुत्र्यांच्या ओळखीचा माणूस. जाताना कडी लावायची, कुलूप घालायचं, जन्माची सवय असलेला. पक्ष्याची मान मोडणारा जबडा रुंद आहे, वरचा डावा सुळा नाही. आणि पहाटे धुक्यात हेंकनं कुणाला तरी टँगोची माफी मागताना ऐकलं. ह्या गावात कुत्र्याची माफी मागणारी माणसं मला फार माहीत नाहीत, डॅड."

मर्व ड्यूकचे कान कुरवाळू लागले.

"किनाऱ्यावर कुणी नव्हतं," ते म्हणाले. "अंधारत होतं. म्हटलं म्हातारा झालाय, दोन पावलं मोकळा चालू दे. दोरी काढली. हाक मारली, आला नाही. पुन्हा मारली. टेकाडापाशी पोचलो तेव्हा तो एकेकाला उचलून झटकत होता. खेळणं झटकावं तसा. मी ओरडलो, तर धावत आला आणि शेवटचा आणून माझ्या पायाशी ठेवला. शेपूट हलवत. शाबासकी मागत होता गं."

"मग मला का नाही उठवलंत?"

"काय सांगून? तुझ्या घरातल्या कुत्र्यानं मारले? प्राणी-अधिकारी तू. पाटी मी रंगवलेली. गावानं तुला..."

"माझं नाव मधे घेऊ नका," लॉर्ना म्हणाली. "माझ्यासाठी केलं असं म्हणू नका, डॅड. तेवढं तरी करू नका."

त्यांनी मान डोलावली.

"रात्रभर बसून विचार केला. ड्यूकचं नाव आलं तर मला तोंड दाखवायला जागा नाही, तुला नाही. टँगोचं आलं तर... त्याचं कुणीच नव्हतं, लॉर्ना. दोनदा परत आलेला. मला वाटलं, कुणालाच दुखणार नाही. मी पिंजरा उघडला, तर त्याला वाटलं फिरायला न्यायला आलो. नाचला माझ्याभोवती. मला वाटलं होतं सुटला की पळून जाईल कुठेतरी, निदान जीव तरी वाचेल. कुलूप लावलं, ड्यूकनं आणलेला तो शेवटचा पक्षी ठेवला आणि वळलो, तर हा तिथेच बसलेला. परत आत घ्या म्हणून."

६

लॉर्नानं गाडीतून कायद्याचं पुस्तक आणलं आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडलं. ड्यूक येऊन नेहमीसारखा तिच्या पायावर पसरला. ती पानं उलटत होती आणि शोधत होती. वय झालेलं जनावर. पहिलाच गुन्हा. माणसाच्या अंगावर कधी धावून गेलेला नाही. आणि सापडलं. कुत्रा मारलाच पाहिजे असं नाही, बाहेर नेताना तोंडाला मुसकं आणि घरी बंदिस्त कुंपण असेल तर त्याला जगू देता येतं. शब्द अगदी स्पष्ट होते. कुठल्याही अधिकाऱ्याला पाच मिनिटांत सापडले असते.

तिनं सुटकेचा श्वास टाकला. आणि तो श्वास अर्ध्यातच अडकला.

सकाळी टँगोसाठी तिनं हे पुस्तक उघडलं नव्हतं.

गाडीतच होतं ते, सीटच्या मागे, हाताच्या अंतरावर. तिनं सरळ इंग्रिडला फोन लावला होता. डॅडनी टँगोला मरणाच्या दारात नेऊन सोडलं हे खरं, पण दारात उभी राहून आत घ्यायला तर ती तयारच होती. दोघांचं कारणही एकच होतं, टँगोचं कुणीच नव्हतं. डॅडनी ते निदान तोंडानं कबूल केलं होतं. तिनं पुस्तक मिटलं आणि दोन्ही हात तोंडावर घेऊन बसून राहिली. पायावर म्हातारा ड्यूक शांतपणे घोरत होता.

मग तिनं शेजारच्या नगरपालिकेच्या अधिकाऱ्याला फोन केला. "माझ्या घरच्या कुत्र्याचं प्रकरण आहे, मी त्यात असू शकत नाही, तू ये." सकाळी आपण काय केलं, काय केलं नाही, तेही सांगितलं. त्यानं 'अगं, होतं असं' म्हणून विषय सोडला. तिला ते शिव्यांपेक्षा जड गेलं.

त्या संध्याकाळी पक्षीमित्रांची सभा भरली. मर्व स्वतः उठून उभे राहिले आणि सगळं सांगितलं. कुणी ओरडलं नाही. त्यांच्याकडे पाढे शिकलेली मोठी मोठी माणसं बुटांकडे बघत बसली. शेवटी केरिन उठली आणि आपण फेरी टाकून नाटकाला गेलो होतो हेही सांगून टाकलं. तिला कमिटीनं काढलं नाही. पुढे शेजारच्या अधिकाऱ्याच्या हुकमानं ड्यूकला मुसकं लागलं, अंगणात उंच कुंपण आलं. तो वाचला. त्याच्यासाठी पुस्तक उघडणारं माणूस घरात होतं.

लॉर्नानं पुन्हा फोन करून बोलावल्यावर दुसऱ्या दिवशी टेसा क्विल्टी निवाऱ्यावर आली, चिखलानं माखलेल्या पिकअप गाडीतून. बुटकी, रुंद, उन्हानं रापलेली बाई. लॉर्नानं तिला गाठलं.

"तुम्ही सांगितल्यावर मी तोंड उघडून पाहिलं," ती म्हणाली. "त्याआधी नाही. हे तुम्हाला माहीत असावं."

"फोनवरच कळलं होतं," टेसा म्हणाली. "पण पाहिलंत. नसतं पाहिलं तरी मला काय कळणार होतं?"

मर्व थोडं अंतर ठेवून उभे होते. यायलाच हवं, असं सकाळी तेच म्हणाले होते. टोपी हातात घेऊन ते पुढे आले. "मी मर्विन पॅस्को. पक्षी मी ठेवला होता."

"ऐकलंय मी," टेसा म्हणाली. त्याहून एक शब्द जास्त नाही.

केरिननं कडी काढली. टँगो बंदुकीतून सुटल्यासारखा बाहेर आला. सगळ्यांभोवती एक मोठा गोल फेरा मारला, दुसरा जरा लहान, तिसरा आणखी लहान, आणि चौघंही नकळत एकमेकांना चिकटून उभी राहिली तेव्हा त्याचं समाधान झालं. कुंपणापलीकडून हेंक ओरडला, "बघा! कबुतरांनंतर आता तुम्ही!" टेसा मोठ्यानं हसली.

मग टँगो सरळ मर्वकडे गेला. हाच तर त्याला दर मंगळवारी फिरायला नेणारा माणूस. त्यानं पुढचे पाय त्यांच्या छातीवर ठेवले, शेपटीपासून कंबरेपर्यंत सगळं अंग हलवलं आणि त्यांचा हात मनगटापासून बोटांपर्यंत चाटून काढला. उजवा चाटला, मग डावा. पुन्हा उजवा.

मर्व यांनी हात मागे घेतला नाही, कुरवाळलंही नाही. ते तसेच उभे राहिले, मान खाली घालून. कुणी चार शिव्या हासडल्या असत्या तर त्यांना त्या सोसल्या असत्या.

टेसानं शीळ घातली. टँगोनं एकदा वळून पाहिलं, आणि पुढच्या क्षणी तो पिकअपच्या मागे उभा होता, कान वाऱ्याला लावून. गाडी वळणावरून डोंगराकडे चढेपर्यंत त्याचं भुंकणं ऐकू येत राहिलं.

"चला, डॅड," लॉर्ना म्हणाली.

"थांब जरा," मर्व म्हणाले. ते अजून रिकाम्या रस्त्याकडे बघत होते. ओले हात त्यांनी अंगापासून दूर धरले होते, कोटाला लागू नयेत असे, आणि पुसत नव्हते. लॉर्ना त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली.